एका वेलाला एकच कोहळं

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी मी घरामागच्या वेलावरची पाच कोवळी कोहळी तोडली. मुठीएवढी, अंगावर अजून लव असलेली. सहावं ठेवलं. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. "काहून तोडून राहिला रे ती? कीड लागली का?" कीड नव्हती. फळं चांगली होती आणि म्हणूनच तोडत होतो, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं तेच ऐकवलं, देवानं सहा दिली तर यानं एक ठेवलं. त्या पाचांची भाजी झाली. कोवळ्या कोहळ्याची भाजी एरवी घरात सगळ्यांना आवडते, त्या रात्री मात्र कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

मोठं कोहळं पिकवायचं म्हणजे काय, ते या एका सकाळीत आलं. खत, पाणी, बी यांच्या गोष्टी पुढे करूच, पण खरी गोम तोडण्यात आहे. आणि आपल्या घरांत तोडणं कुणाला जमत नाही. वेल शेडच्या पत्र्यावर चढवायचा, वर्षभर जेवढी लागतील तेवढी फळं उतरवायची, पितृपक्षात चार घरी द्यायची, उरलेली माळ्यावर ठेवायची, हा आपला हिशेब. तो चुकीचा नाहीच. फक्त त्या हिशेबानं पाच-सात किलोच्या पुढचं फळ सहसा येत नाही.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आम्ही वऱ्हाडात ज्याला कोहळं म्हणतो तो पुण्या-मुंबईचा लाल भोपळा, मराठवाड्यात आणि देशावर कित्येक ठिकाणी डांगर. पुणेकर ज्याला कोहळा म्हणतो ते पांढरं, राख फासल्यासारखं, पेठ्याचं फळ. ते वेगळ्याच जातकुळीचं. आवळा देऊन काढतात तो कोहळाही बहुतेक हाच. दुध्या तिसरा. तंबोऱ्याचा कडू भोपळा दुध्याचाच भाऊबंद. गंमत अशी, की दुध्याचं घराणं भारतात हजारो वर्षांचं आहे, तर लाल भोपळा अमेरिका खंडातला. कोलंबसानंतर जहाजांतून आलेला, म्हणजे मिरची-बटाट्याच्या बरोबरीचा पाहुणा. त्यामुळे लेकीकडे तूप-रोटी खाऊन धष्टपुष्ट झालेली गोष्टीतली म्हातारी ज्या भोपळ्यात बसून वाघाला चकवते, तो मुळात लाल नसावा, वाळवून पोकळ केलेला जुना देशी भोपळा असावा, असं मला आपलं वाटतं. चित्रकार मात्र तो हटकून केशरी रंगवतात.

लाल भोपळ्यातही दोन घराणी आपल्याकडे भेटतात. ओळखायला देठ पाहावा. देठ कडक, पाच धारांचा आणि फळाला टेकतो तिथे हाताच्या पंजासारखा पसरलेला असेल, पानावर पांढुरके ठिपके असतील, तर तो मोस्काटा. आपल्या बाजारातली बरीचशी हिरवी-पिवळी, खाचांची फळं याच घराण्यातली, उन्हाला दमदार. देठ गोल, मऊ, बुचासारखा फुगीर असेल तर तो मॅक्झिमा. याचं मूळ दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना-उरुग्वेच्या बाजूला. तिथला रानटी पूर्वज संत्र्याएवढा आणि कडू असतो. जगातली सगळी अजस्र फळं या दुसऱ्या घराण्यातली.

अजस्र म्हणजे किती? ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या वारग्रेव्ह इथे स्टुअर्ट आणि इयान पेटन या जुळ्या भावांचं फळ १,२७८.८ किलो भरलं. जवळजवळ १३ क्विंटल. आमच्याकडे एका एकरात सोयाबीन इतकं झालं तर माणूस पेढे वाटेल. त्याआधीचा विक्रम २०२३ मधला, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिएंजरचा, १,२४७ किलोंचा. त्याच्याआधी २०२१ मध्ये इटलीच्या स्तेफानो कुत्रुपीचा, १,२२६ किलोंचा. दर दोन-चार वर्षांनी हा आकडा सरकतोच आहे.

तो नेहमीच असा सरकत नव्हता. कॅनडात ओंटारिओमधल्या गोडरिच गावच्या विल्यम वॉरनॉकनं १९०४ मध्ये सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंडांचं, म्हणजे सुमारे १८३ किलोंचं फळ मांडलं आणि पुढची ७२ वर्षं ते कुणाला ओलांडता आलं नाही. मग त्याच देशातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर गावचा हॉवर्ड डिल नावाचा शेतकरी या नादाला लागला. त्यानं काही प्रयोगशाळा उघडली नव्हती. जुन्या मोठ्या वाणांची फळं घ्यायची, हातानं परागीकरण करायचं, सगळ्यांत मोठ्या फळाचं बी ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं त्यानं स्पर्धा जिंकल्या. १९८१ चं त्याचं फळ ४९३.५ पौंडांचं, म्हणजे २२४ किलोंचं होतं. त्याच्या वाणाचं नाव अटलांटिक जायंट. आज जगात कुठेही टनाच्या गोष्टी चालतात त्या या वाणाच्या वंशावळीतल्या. त्या मंडळींत बियाला फळाच्या वजनाचा आकडा आणि पिकवणाऱ्याचं आडनाव जोडून हाक मारतात. आपल्याकडे खिलाराच्या गोऱ्ह्याची आई कोण आणि वळू कोणाचा हे जसं विचारतात, तसं तिथे बियाचं विचारतात.

आपल्याकडच्या संशोधनाची वाट मात्र नेमकी उलटी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का चंदन हा वाण दोन-तीन किलोंचा, तर अर्का सूर्यमुखी जेमतेम किलोभराचा. कारण उघड आहे. चार माणसांच्या घरात आठ किलोचं फळ चिरलं की तीन दिवस तीच भाजी. भाजीवाली फाक कापून देते ती त्यामुळेच.

पण महाराष्ट्रात मोठ्या भोपळ्याची रीतसर शेती होत आली आहे, तीही खाण्यासाठी नव्हे आणि स्पर्धेसाठीही नव्हे. पंढरपूरच्या आसपास भीमेच्या काठानं तंबोरा-सतारीचा कडू भोपळा पिकतो आणि तिथून मिरजेला जातो. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी, तलवारींना धार लावणाऱ्या हातांनी, वाद्यं घडवायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं मोठं नाव. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुरुषाच्या खर्जाच्या तंबोऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो. तो वेलावरच पुरता वाळू द्यायचा, मग पाण्यात भिजवून, कापून आतला वाळका गर आणि बिया काढायच्या. इथे वजनाला काडीची किंमत नाही. किंमत आहे ती घेराला, गोलाईला आणि सालीला. एका बाजूनं चपटा झाला, चीर पडली, की तो कारागिराच्या कामाचा राहत नाही. म्हणजे जगात लोक भोपळा जड व्हावा म्हणून झटतात आणि आपल्याकडे तो पोकळ राहून मोठा व्हावा म्हणून. माझ्या मते आपली तऱ्हा जास्त अवघड आहे, पण मिरज माझ्यापासून लांब आणि माझा विषय भाजीचा, तेव्हा तो मोह आवरतो.

फळ मोठं होतं ते कशानं, हे समजलं की अर्धी कामं आपोआप कळतात. कोहळ्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, बाकी बहुतेक साखरेपासून बनलेला माल. ही साखर पानात तयार होते. पान दिवसभर उन्हात ती रांधतं आणि वेलातल्या बारीक नळ्यांतून ती जिथे ओढ असेल तिथे जाते. ओढ कुणाची? वाढत्या शेंड्याची, मुळांची आणि फळांची. सहा फळं असली की सहा तोंडं, आणि प्रत्येकाला आपापला वाटा. पाच तोडली की सगळा ओघ एकाकडे वळतो. अमेरिकेत जेसिका सॅव्हेज आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मोठ्या आणि साध्या भोपळ्यांच्या या नळ्या मोजून पाहिल्या. मोठ्या वाणात नळी जास्त चांगली असेल असं वाटणं साहजिक होतं. निघालं असं, की नळी तशीच आहे, नळ्या मात्र जास्त आहेत. विहिरीवर मोटर तीच, पाइपलाइनी वाढवल्या, असं समजा. ऐन भरात असताना स्पर्धेतलं फळ दिवसाला २० किलोंच्या आसपास वाढतं. संध्याकाळी टेप लावायचा आणि सकाळी पुन्हा लावायचा, फरक दिसतो.

टेपवरून आठवलं. घेर दुप्पट झाला की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. ६० सेंटिमीटर घेराचं गोल कोहळं साधारण पावणेतीन किलोंचं भरेल. १२० सेंटिमीटर घेराचं २० किलोंच्या पुढे जाईल. त्यामुळे शेवटी शेवटी घेर बोटभर वाढलेला दिसला तरी आत किलोच्या किलो चढत असतात. आणि वजन वाढलं की गोलाई जाते. स्पर्धेतली फळं फोटोत पाहिली तर ती कणकेचा गोळा परातीत बसकण मारून बसावा तशी दिसतात. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतल्या डेव्हिड हू यांनी २०११ मध्ये याचं गणित मांडलं. फळ स्वतःच्याच भारानं दबतं आणि दबता दबता वाढत राहतं. काच किंवा चिनीमातीसारखं ते कडक असतं तर केव्हाच फुटलं असतं.

आता सुलतानपूरकडे येऊ. मेहकरहून लोणारकडे जाताना लागणारं हे आमचं गाव. माझ्या घरामागचं आवार वीस फूट बाय बावीस फूट. त्यात एक शेवगा, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि उरलेली जागा. जगातले हौशी एका वेलाला चारशे ते हजार चौरस फूट देतात. म्हणजे आमचं आवार खालच्या काठाला कसंबसं टेकतं. जागा कमी हे रडगाणं मी त्यामुळे गात नाही. आमची खरी अडचण वेगळी, ऊन आणि माती.

मॅक्झिमाला दिवसा पंचवीस-तीस अंश आणि रात्री गारवा मानवतो. रात्र उकाड्याची असली की पानानं दिवसभर जमवलेल्या साखरेतला मोठा हिस्सा झाडाच्या नुसत्या श्वासोच्छ्वासात जळतो. फळाला उरतं ते थोडं. उन्हाळ्यात तर वेल नर फुलंच जास्त काढतो, मादी फूल आलं तरी गळतं. त्यात एप्रिल-मे मध्ये आमच्या भागात पिण्याच्या पाण्याची मारामार. तेव्हा कोहळ्याला रोज बादल्या ओतणारा माणूस मला तरी बरा वाटणार नाही. पावसाळी वेल लावावा तर जुलै-ऑगस्टच्या झडीत केवडा रोग पानं खातो. म्हणून मी बी टोचतो ते नागपंचमी आणि पोळ्याच्या मधे. पाऊस ओसरेपर्यंत वेल धावायला लागतो, दसऱ्याच्या पुढेमागे मादी फुलं येतात. दिवस लहान, रात्री गार, ऊन स्वच्छ आणि विहिरींना पाणी. पुढचे ७०-८० दिवस फळाचे. संक्रांतीच्या आत ते उतरतं.

बी कोणतं? परदेशातल्या भल्यामोठ्या फळाचं बी पाकिटातून मागवायचा मोह होतो. पण बाहेरदेशातून बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि ते नियम उगाच केलेले नाहीत. एका पाकिटातून आलेला रोग अख्ख्या शिवाराला पुरतो. मी आपल्याच भागातल्या एका म्हाताऱ्या माळणीकडून, तिच्या सगळ्यांत मोठ्या फळाचं बी मागून घेतलं. मोस्काटा घराण्यातलं. टनाच्या गप्पा मारायच्या नसतील तर हेच बरं, कारण उन्हाचा एखादा तडाखा ते सोसून नेतं.

माती भारी काळी. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा आणि पावसात चिखल. सामू साडेसात ते साडेआठ. शेजारच्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या घरात जातो, त्या मानानं आमची माती सोज्वळच म्हणायची. या मातीत अन्न पुष्कळ असतं, हवा नसते. पाणी साचलं की मुळं गुदमरतात. म्हणून तीन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा काढून त्यातल्या मातीत आठ घमेली कुजलेलं शेणखत आणि चार घमेली रेती मिसळली आणि त्याचा वीतभर उंच ढीग केला. बी त्या ढिगावर. चुलीतली राख टाक, असं तीन जणांनी सांगितलं. मी टाकली नाही. काळ्या मातीत पोटॅश मुळात बरं असतं आणि राखेनं सामू आणखी चढतो. युरियाही नाही. नत्र जास्त झालं की वेल माजतो, पानं सुपाएवढी होतात आणि फूल धरायचं नाव नाही.

वेल चार-पाच हात झाला की त्याला वळण लावायचं. एक मुख्य दांडी सरळ जाऊ द्यायची, दोन्ही बाजूंच्या फांद्या झाडूच्या काड्यांसारख्या आडव्या पसरू द्यायच्या आणि सात-आठ फुटांवर शेंडे खुडायचे. फांदीला पुन्हा फांदी फुटली की ती काढून टाकायची. आणि प्रत्येक पेऱ्यावर मूठभर माती टाकायची. कोहळ्याच्या पेऱ्याला मूळ फुटतं, हे पत्र्यावर वेल चढवणाऱ्या आम्हा लोकांना दिसतच नाही, कारण पत्र्यावर माती नसते. जमिनीवर पसरलेला वेल असा वीस-पंचवीस ठिकाणी स्वतःहून पाणी पितो.

मादी फूल ओळखणं सोपं. पाकळ्यांखाली लिंबाएवढं कोहळं आधीच असतं. नर फुलाखाली नुसता देठ. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते कायमचं. मधमाश्या असल्या तर काम त्या करतात, पण आसपासच्या सोयाबीन-कपाशीवर फवारे चालू असले की आवारात मधमाशी दिसणं कठीण. मग सकाळी सातच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतली पिवळी पूड मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यांवर हलक्या हातानं फिरवायची. दोन-तीन नर फुलं वापरली तर बरं. परागकण कमी पडले की बिया कमी धरतात, आणि बिया कमी तर फळाची ओढ कमी.

लहानपणी कोवळ्या कोहळ्याकडे बोट दाखवलं की मोठी माणसं हातावर चापट मारायची. बोट दाखवलं की कुजतं म्हणे. दाखवायचंच तर बोट दुमडून दाखवा. ही समजूत नुसती आमच्या गावची नव्हे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात लक्ष्मण परशुरामाला जो टोमणा मारतो, त्यात तर्जनी पाहून मरणारं हेच कोवळं फळ आहे. समजूत टिकली कारण फळं खरंच मरतात. परागीकरण न झालेलं लिंबाएवढं कोहळं चार-सहा दिवसांत पिवळं पडून गळतं. ते गळायच्या आधी घरातलं कुणीतरी कौतुकानं बोट दाखवलेलं असतंच. परागीकरण झालेलं फळही वाचेल असं नाही. फळमाशी कोवळ्या सालीत नळी खुपसून अंडी घालते, वर टाचणीएवढा डाग आणि डिंकाचा थेंब दिसतो, आत अळ्या. त्यासाठी मी फळ धरलं त्याच दिवशी त्यावर जुन्या मच्छरदाणीची पिशवी चढवली आणि आवाराच्या कोपऱ्यात क्यू-ल्यूर या आमिषाचा सापळा टांगला. सापळ्यात माश्यांचे नर मरतात. पानं कुरतडणारे लाल भुंगे मात्र सकाळी गारठलेले असताना हातानं वेचायचे, त्याला दुसरा इलाज मी केला नाही. थंडी पडू लागली की पानावर भुरी येते, जुनी पानं काढून वारा खेळता ठेवला की बरीच आवाक्यात राहते.

माझी मोठी चूक झाली ती फळ धरल्यानंतर. पहिल्या वर्षी फळ चांगलं घागरीएवढं झालं होतं. एका सकाळी पाहतो तर देठ वेलापासून अर्धा उपटलेला आणि चिरेतून पाणी पाझरतंय. कुणा पोरानं ओढलं असेल म्हणून मी दोन दिवस गल्लीतल्या पोरांकडे संशयानं पाहत होतो. पोरांचा काही दोष नव्हता. फळ फुगताना त्याचा खांदा वेलाला ढकलतो, वर उचलतो. आणि मी दोन्ही बाजूंचे पेरे मातीत घट्ट रोवून ठेवलेले. वेल हलायला जागाच नाही, म्हणून देठ तुटला. फळाच्या जवळच्या हात-दोन हातांतल्या पेऱ्यांना माती लावायची नाही, देठ वेलाशी काटकोनात येईल असं फळ कोवळं असतानाच रोज थोडं थोडं वळवायचं, आणि फळाच्या बाजूला वेलाला सैल बाक द्यायचा, हे मला त्या मोडलेल्या देठानं शिकवलं. त्या वर्षी कोहळ्याचे तळलेले गोड बोंड मात्र पोटभर खाल्ले.

दुसऱ्या वर्षी फळाखाली तगारीभर वाळू, तिच्यावर गव्हाचं काड. नाहीतर ओल्या काळ्या मातीवर फळ बुडाकडून सडतं आणि वरून कळतही नाही. फळावर आईच्या जुन्या लुगड्याचं पाल बांधलं. उन्हानं साल लवकर कडक झाली की फुगायची थांबते. पाणी रोज थोडं आणि एकाच वेळी. चार दिवस विसरायचं आणि पाचव्या दिवशी नळी सोडून द्यायची, असं केलं की आतला गर सालीपेक्षा वेगानं फुगतो आणि फळाला चीर जाते. स्पर्धेत तर ती चीर आतल्या पोकळीपर्यंत पोहोचली की फळ बाद, मग ते कितीही जड असो.

आणि दूध. गावात मोठ्या कोहळ्याची बातमी फुटली की सल्ले येतात. देठाला भोक पाडून सुताची वात घाल आणि दुसरं टोक दुधाच्या वाटीत सोड, असं मला एकानं सांगितलं. दुसऱ्यानं गुळाचं पाणी सांगितलं. अमेरिकेतही हाच समज आहे, लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३३ च्या 'फार्मर बॉय'मधला मुलगा दूध पाजूनच भोपळा वाढवतो. वेलाच्या नळ्यांत रस दाबाखाली असतो. जखम केली की तो बाहेर येतो आणि नळ्यांची तोंडं लगेच बुजतात. वातीतून आत जातील ते फक्त जंतू. वाटीभर दुधात साखर असते ती किती, चमचाभर. तेवढी एक चांगलं पान उन्हात बसल्या बसल्या करून ठेवतं. दूध पोराला द्यावं.

डिसेंबरच्या शेवटी वेलाची पानं पिवळी पडू लागली, नखानं साल दबेना. दोघांनी गोणपाटात घालून फळ उचललं आणि अडत्याच्या काट्यावर नेलं. काट्यावर तेव्हा तुरीची पोती होती. पोतं उतरवून कोहळं चढवलं, तसे हमाल गोळा झाले. २७ किलो ४०० ग्रॅम. पेटन बंधूंच्या फळाच्या पन्नासाव्या हिश्शाहून थोडं जास्त. हमालांपैकी एक म्हणाला, याचा भाव काय लावता? मी म्हटलं, विकायचं नाही. मग आणलं कशाला, असं तो माझ्याकडे बघत राहिला.

चवीचं खरं सांगतो. मोठ्या फळाला लहानाची गोडी नसते. एवढ्या आकारात पाणी जास्त आणि गर सैल, दोरेदार. जगातल्या त्या टनाच्या फळांची तर कुणी भाजीही करत नाही, कोरीवकाम करतात, गुरांना घालतात, पोकळ करून तळ्यात होडीसारखी वल्हवतात. आमचं देशी होतं म्हणून निभावलं. कोयत्यानं घाव घातला तेव्हा साल जाड निघाली, आत बिया ओल्या जाळ्यात लोंबत होत्या आणि खोलीभर काकडीसारखा वास सुटला. सतरा घरी फाका गेल्या. उरलेल्या गराचे आईनं बोंड केले. गर शिजवून, गूळ विरघळवून, त्यात मावेल तेवढी कणीक घातली, वेलची टाकली आणि बोटांनी तेलात सोडले. पाणी जास्त म्हणून कणीक नेहमीपेक्षा दीडपट लागली, याची तिनं नोंद करून ठेवली आहे.

बियांचं राहिलं. कोहळ्याचं बी सरळ बापावर जाईल असा भरवसा नसतो. मधमाशी दहा वेलांवर फिरून आलेली असते, म्हणून माझ्यासारखं हातानं परागीकरण करून फूल दोऱ्यानं बांधून ठेवलं तरच वंश कळतो. हे मी आईला समजावून सांगितलं. तिनं बिया धुऊन, सुपात सावलीत वाळवून, दोन चिंध्यांत बांधल्या. एक पुरचुंडी माझी. दुसरी ती येत्या मृगात गोठ्याच्या पत्र्याखाली लावणार आहे, आणि त्या वेलाला हात लावायचा नाही, असं तिनं मला आत्ताच बजावून ठेवलंय.